लहान मुलांना ऍनिमेटेड फँटसी सिरीज दाखवायची की नाही, कसं ठरवायचं? पहिल्यांदाच ठरवणाऱ्या आईबाबांसाठी

घरात चार ते नऊ वर्षांचं मूल असेल तर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. शाळेच्या बसमधे कोणीतरी ड्रॅगनवाल्या सिरीजचं नाव सांगतं, दादर स्टेशनबाहेर त्याच ड्रॅगनचं चित्र असलेल्या पाण्याच्या बाटल्या लटकलेल्या असतात, आणि मग रोज संध्याकाळी "आई लाव ना, सगळे बघतात" सुरू होतं. आजी-आजोबा म्हणतात अगं कार्टूनच आहे, लावून दे.

पण कार्टून दिसलं म्हणजे ते लहान मुलांचंच असतं असं नाही. २०१७ मधे नेटफ्लिक्सवर आलेली कॅसलव्हेनिया बघा, ड्रॅक्युला, किल्ले, जादू सगळं आहे, पूर्ण ऍनिमेटेड आहे, आणि अमेरिकेत तिला टीव्ही-एमए म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचं रेटिंग आहे. मोबाईलवर छोटंसं पोस्टर बघून हे कळत नाही.

आम्ही मुलुंडला राहतो, घरात एक पाच वर्षांची आणि एक दहाचा, दोघं एकाच हॉलमधे एकाच टीव्हीवर बघतात, त्यामुळे हे सगळं आम्हाला नीट बसून शिकावं लागलं. सिरीज चांगली का वाईट हे ठरवणं त्यामानाने सोपं असतं. ती आपल्या मुलाला आत्ता झेपेल का, हे ठरवणं अवघड, आणि ते तुमच्यासाठी दुसरं कोणीच ठरवू शकत नाही. रेटिंगही नाही आणि मीही नाही.

काय काय लागेल

- एक वही, किंवा फोनमधले नोट्स
- ओटीटी अकाउंटचा पासवर्ड. अकाउंट मामाचं किंवा मित्राचं असेल तर लॉक वगैरेसाठी त्यांनाच सांगावं लागतं, हे आधी बघून घ्या
- हेडफोन, आणि फोनमधे तीन-चार एपिसोड मावतील एवढी जागा
- ऑफिसला जाता-येताचा वेळ, दोन-तीन दिवस पुरतात
- घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाची साथ. एकाने नाही म्हणायचं आणि दुसऱ्याने लावून द्यायचं असं असेल तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही

१. आधी आपलं मूल कशाला घाबरतं ते लिहून काढा

बहुतेक जण इथून सुरुवातच करत नाहीत, थेट सिरीजचं नाव गूगल करतात. मी म्हणेन आधी मुलाकडे बघा. जिन्यातला दिवा गेला असेल तर एकटा खाली उतरतो का? विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल जवळ आले की पुढे पळतो की कडेवर चढतो? शिवाजी मंदिरला बालनाट्य बघताना चेटकीण स्टेजवरून खाली उतरून प्रेक्षकांत आली तेव्हा ओरडला, हसला, का आईच्या ओढणीत तोंड लपवलं? प्लॅटफॉर्मवर क्षणभर हात सुटला तर काय होतं? गोष्टीत कोणी मेलं तर पुढे ऐकतो का पान उलटायला लावतो?

हे लिहिलं की दिसायला लागतं की प्रत्येक मुलाची भीती वेगळी असते, कुणाला चेहऱ्याची, कुणाला आवाजाची, कुणाला अंधाराची, कुणाला आईबाबा लांब जाण्याची.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जोॲन कँटर यांनी मुलांना पडद्यावरच्या गोष्टींची भीती कशी वाटते यावर बरीच वर्षं काम केलंय. त्यातली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. साधारण शाळेत जायच्या आधीच्या वयाची मुलं जे दिसतं त्यालाच घाबरतात. त्यांनी मुलांना हल्क या टीव्ही सिरीजमधला भाग दाखवला, त्यात साध्या माणसाचा हिरवागार, राक्षसासारखा हल्क होतो तेव्हा ही छोटी मुलं सगळ्यात जास्त घाबरली, तो चांगल्या बाजूचा आहे याने त्यांना काही फरक पडला नाही. मोठी मुलं मात्र त्याच्या आधी घाबरली, म्हणजे हिरो संकटात होता तेव्हा, हल्क आल्यावर त्यांना उलट हायसं वाटलं. म्हणून एकाच हॉलमधे पाच वर्षांची आणि दहा वर्षांचा बसले असतील तर दोघांसाठी घाबरण्याची जागा एकच असेल असं धरून चालू नका.

आणि कधीकधी आपल्याला वाटतं त्याच्या भलतीकडेच भीती असते. आमच्या धाकटीला एका सिरीजमधल्या आग ओकणाऱ्या ड्रॅगनचं काहीच वाटलं नाही, ती चकली खात बघत होती. मग एक साधा सीन आला, राजकन्येची आई एका दारातून आत जाते, दार लागतं आणि त्या जागी नुसती भिंत उरते. ना रक्त, ना किंचाळी, म्युझिकसुद्धा हळूच. त्या रात्री तिने कडी दोनदा तपासायला लावली आणि पुढे कितीतरी दिवस मी बाथरूममधे गेले की दार थोडं उघडं ठेवायला सांगायची. कुठल्याही रेटिंगमधे "आई दाराआड जाते" असं लिहिलेलं नसतं, म्हणून ही यादी तुम्हालाच करावी लागते.

२. रेटिंग वाचा, पण ते काय सांगतं ते समजून घ्या

थिएटरमधल्या सिनेमाला सेन्सॉर बोर्ड सर्टिफिकेट देतं, पण ओटीटीवरच्या सिरीजला बोर्ड बघत नाही. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्मनेच स्वतः वर्गवारी करायची असते. पाच वर्ग आहेत: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. त्याच्या शेजारी हिंसा, भाषा, भीती वगैरे शब्द लिहिलेले असतात, ते आकड्याइतकेच महत्त्वाचे, बरेच जण आकडा बघतात आणि ते शब्द सोडून देतात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. यू/ए ७+ म्हणजे सातच्या खालच्या मुलांना बंदी नाही, त्यांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली बघावं असा अर्थ आहे. आणि पालकांसाठी लॉकची सोय देणं नियमाने १३+ पासून पुढेच बंधनकारक आहे, म्हणजे ७+ वाली सिरीज आपोआप अडेल अशी आशा ठेवू नका.

परदेशी वेबसाइटवर अमेरिकेचं रेटिंग दिसतं. टीव्ही-वाय म्हणजे सगळ्या लहान मुलांसाठी, टीव्ही-वाय ७ म्हणजे सातच्या पुढच्यांसाठी, त्याला एफव्ही जोडलेलं असेल तर त्यात फँटसी मारामारी जास्त आहे. टीव्ही-पीजी म्हणजे पालकांनी बघून ठरवावं, टीव्ही-१४ आणि टीव्ही-एमए आपल्या कामाचे नाहीत. एकाच सिरीजला इथे एक आणि तिथे दुसरं रेटिंग असू शकतं, तेव्हा दोन्ही बघा आणि जे कडक असेल ते धरा.

आता रेटिंग बरोबर असूनही अडचण कशी येते ते सांगते. अवतार: द लास्ट एअरबेंडर ही माझ्या मते मुलांसाठी बनलेल्या सगळ्यात सुंदर फँटसी सिरीजपैकी एक, २००५ ते २००८, टीव्ही-वाय ७ गटातली. रक्त नाही, विनोद आहे, उडणारा अवाढव्य प्राणी आहे. आणि अगदी तिसऱ्या एपिसोडमधे तो छोटा हिरो आपल्या जुन्या मठात परत जातो आणि त्याला त्याच्या गुरूंचा सांगाडा सापडतो, त्याची सगळी माणसं मारली गेलीत हे तिथे त्याला कळतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाशी यावर किती छान बोलता येईल. पण ज्या पाच वर्षांच्या मुलाचे आजोबा मागच्याच महिन्यात गेलेत त्याच्यासाठी हा एपिसोड आत्ता नाही. रेटिंग दोघांसाठी एकच आहे.

३. ज्यांनी बघितलंय त्यांचं वाचा

कॉमन सेन्स मीडिया ही अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे, ते प्रत्येक सिरीजला वय देतात आणि हिंसा-भीती किती, भाषा कशी हे वेगवेगळं सांगतात. खाली पालकांनी आणि मुलांनी दिलेली मतं पण असतात, मी ती आधी वाचते. आयएमडीबीवर पेरेंट्स गाइड असतं, त्यात भीतीदायक सीनचा वेगळा भाग आहे, ते प्रेक्षकच भरतात त्यामुळे कमी गाजलेल्या सिरीजला रिकामं सापडू शकतं. रिकामं म्हणजे काहीच नाही असं समजू नका. आणि डझ द डॉग डाय नावाची वेबसाइट आहे, नाव विचित्र वाटेल पण कामाची आहे, कुत्रा मरतो का, आई किंवा वडील मरतात का, झगमगते लाइट आहेत का असे थेट प्रश्न आणि लोकांनी दिलेली हो-नाही उत्तरं. पहिल्या पायरीतली यादी इथे ताडून बघा.

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायचं असेल तर "चांगली आहे का" असं विचारू नका, सगळे नुसता लाइकचा अंगठा टाकतात. "तुमचं मूल कुठल्या सीनला घाबरलं" असं विचारा, मग खरी उत्तरं येतात.

४. तीन एपिसोड स्वतः बघा, आणि नेमके हे तीन

पहिला, मधला एक, आणि सीझनच्या शेवटून दुसरा. घरी वायफायवर डाउनलोड करून ठेवा, एक एपिसोड साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा असतो, मुलुंडहून सीएसएमटीला जाताना खिडकी मिळाली तर आरामात होतो.

नुसता पहिला बघून ठरवणं हा सगळ्यात मोठा घोळ. पहिला एपिसोड लोकांनी पुढे बघावं म्हणून बनवलेला असतो, गोड प्राणी, सुंदर गाव, थोडी गंमत. फँटसीची गोष्ट लांब चालते आणि हळूहळू काळी होत जाते, हिरो मोठा होतो तसं संकटही मोठं होतं. जवळचं कोणीतरी मरणं, फितुरी, मोठी लढाई हे सगळं बऱ्याचदा शेवटून दुसऱ्या एपिसोडमधे येतं, आणि शेवटच्यात आवराआवर होते. तो शेवटून दुसरा एपिसोड झेपणारा असेल तर सीझन बहुतेक झेपेल. ट्रेलर मात्र बघून उपयोग नाही, आणि "मागील भागात" वाली झलक सोडून देऊ नका, कधीकधी सगळे घाबरवणारे तुकडे एकापाठोपाठ एक तिथेच लावलेले असतात.

५. बघताना वहीत काय लिहायचं

*चेहरे आणि रूप बदलणं.* राक्षस लांबून दिसतो का पूर्ण स्क्रीनभर चेहरा येतो? ओळखीचं माणूस अचानक भयानक होतं का? लहान मुलांसाठी मला हे मारामारीपेक्षा जड वाटतं.

*मार लागल्यावर काय होतं.* तलवार लागली आणि माणूस उठून चालायला लागला, असं सतत दाखवत असतील तर मुलाला वाटतं मारल्याने काही होत नाही. जिथे दुखतं, रडतात, कोणी पट्टी बांधतं, ती सिरीज मला जास्त बरी वाटते, जरी ती वरवर जास्त गंभीर दिसली तरी.

*घरी करून बघता येईल असं काय आहे.* मुंबईकरांनी हा मुद्दा नीट घ्या. खिडकीतून उडणं, गच्चीवरून उडी, टॉवेलचा केप, गळ्यात दोरी, फुंकर मारून आग. आपण अकराव्या, विसाव्या मजल्यावर राहतो, बऱ्याच नवीन बिल्डिंगमधे ग्रिल लावू देत नाहीत, खिडकीखाली सोफा असतो. उडणारा हिरो असेल तर सिरीज सुरू करायच्या आधी सोफा हलवा आणि खिडकीला लॉक लावा. चार-पाच वर्षांच्या मुलाला नुसतं "ते खोटं असतं" सांगून पुरत नाही.

*झगमगते लाइट.* १६ डिसेंबर १९९७ ला जपानमधे पोकेमॉनचा एक एपिसोड लागला होता, त्यात लाल-निळा प्रकाश फार वेगात चमकत होता, आणि शेकडो मुलांना हॉस्पिटलमधे न्यावं लागलं. त्यानंतर तिथल्या चॅनेलनी अशा दृश्यांसाठी नियम केले. जादूच्या लढाईत अशी चमक आजही असते. मुलाला किंवा घरात कोणाला फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी पण लाइट चालू ठेवून, टीव्हीपासून लांब बसून बघावं.

*कोण वाईट दाखवलंय.* दुष्ट माणूस नेहमी काळा, लठ्ठ किंवा लंगडाच का? मुलींना काय काम दिलंय? यावरून मी सिरीज बंद करत नाही, पण बोलते नक्की.

आणि एक. देवांच्या, पुराणातल्या गोष्टींच्या ऍनिमेटेड सिरीजला आपण ही वही लावतच नाही. आजी पण खुश असते. पण युद्ध तिथेही असतं, मुंडकी उडतात, राक्षस अगदी जवळून दिसतात. आजी गोष्ट सांगते तेव्हा राक्षस मुलाच्या डोक्यात मुलाला झेपेल तेवढाच मोठा होतो, आणि मूल घाबरलं की आजी लगेच आवाज बदलते. टीव्ही आवाज बदलत नाही. तेव्हा तिथेही हेच प्रश्न विचारा.

६. मूल ज्या भाषेत बघणार त्याच भाषेत बघा

तुम्ही इंग्लिशमधे बघितलं आणि मुलाने हिंदी डब लावलं तर दोघांनी वेगळी सिरीज बघितली असं होऊ शकतं. डबिंगमधे कधी शिव्या गाळलेल्या असतात, कधी टपोरी भाषा घुसवलेली असते जी दुसऱ्या दिवशी शाळेत ऐकू येते. जपानी आवाज आणि खाली सबटायटल असं असेल तर वाचता न येणाऱ्या मुलाला फक्त चेहरे आणि किंचाळ्या मिळतात, धीर देणारं वाक्य मिळतच नाही. लहान्यांसाठी असं नको.

७. सेटिंग लावा

मुलाचं वेगळं प्रोफाइल काढा. किड्स प्रोफाइल आपोआप चार वर्षांच्या हिशोबाने नसतं, आत जाऊन रेटिंगची मर्यादा तुम्हालाच लावावी लागते. नेटफ्लिक्समधे एखादी ठराविक सिरीज नावाने ब्लॉक करता येते आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावता येतो. पिन म्हणून वाढदिवसाची तारीख नको, मुलांना ती आधी पाठ असते. पुढचा एपिसोड आपोआप सुरू होणं बंद करा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुम्ही पोळ्या लाटत असताना चौथा आणि पाचवा कधी झाला कळत नाही.

टीव्हीवर यूट्यूब उघडं असेल तर वरच्या सगळ्यावर पाणी. त्याच सिरीजचे सगळ्यात भयानक तुकडे तिथे वेगळे काढून टाकलेले असतात, आणि ओळखीच्या कार्टूनची चित्रं वापरून बनवलेले विचित्र, घाणेरडे व्हिडिओ पण, २०१७ मधे त्यावर जगभर ओरड झाली होती. यूट्यूब किड्समधे वयाचे गट आहेत, चार आणि खाली, पाच ते आठ, नऊ ते बारा, आणि फक्त तुम्ही निवडलेलंच दिसेल अशीही सोय आहे. छोट्यांसाठी तीच वापरा.

८. पहिला एपिसोड सोबत बसून

रविवारी दुपारी, लाइट चालू, रिमोट तुमच्या हातात. झोपायच्या आधी कधीच नाही. एकच एपिसोड. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधे दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाच्या वर स्क्रीन नको असं सांगितलंय, आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही दोन ते पाच वर्षांसाठी तेच म्हणणं आहे, म्हणजे दोन एपिसोडमधे तो तास जवळजवळ संपतोच.

टीव्हीकडे कमी आणि मुलाकडे जास्त बघा. मूल "मला भीती वाटते" असं फार क्वचित म्हणतं. प्रत्येक लढाईच्या वेळी पाणी प्यायला उठतं, कानात बोटं घालतं, मांडीवर सरकतं, उगाच मोठ्याने हसतं, "तो परत येणार ना?" पुन्हा पुन्हा विचारतं. यातलं काही दिसलं तर थांबवा, पण ऐन भीतीच्या सीनवर नका थांबवू, तो चेहरा तसाच डोक्यात राहतो. मिनिटभर पुढे जाऊन हिरो सुखरूप दिसला की मग बंद करा.

९. शेजारची मुलं, दादा आणि पाळणाघर

आपल्याकडे दारं उघडी असतात, शनिवारी आमच्या हॉलमधे मजल्यावरची सगळी मुलं असतात. दुसऱ्याच्या मुलाला दाखवायच्या आधी त्याच्या आईला एक मेसेज टाका, सिरीजचं नाव आणि एका ओळीत काय आहे ते. पाळणाघराच्या ताईंना पण नावं लिहूनच द्या, तोंडी सांगितलेलं राहत नाही.

मोठ्या भावंडाचं काय करायचं हा खरा प्रश्न. दहा वर्षांच्याने कायम पाचच्या हिशोबाचं बघावं हा त्याच्यावर अन्याय आहे. आम्ही त्याला धाकटी खाली खेळायला गेली की एक एपिसोड देतो, फक्त त्याचा. त्याच्या बदल्यात तो तिला गोष्ट सांगून ठेवत नाही.

१०. तरीही घाबरलं तर

"त्यात काय घाबरायचं, एवढा मोठा झालास" हे नको. सहा-सातच्या खालच्या मुलाला समजावून सांगण्याचा फार उपयोग होत नाही, त्याला जवळ घ्या, गोधडी द्या, काहीतरी खायला-प्यायला द्या, रात्रीचा छोटा दिवा लावा. आठच्या पुढच्याला मात्र समजावणं लागू पडतं, हे कसं काढतात, आवाज कोण देतं, गोष्टीत पुढे काय होतं. चित्र काढायला दिलं तर दोघांनाही बरं वाटतं, राक्षसाला टोपी घालायची का, मिशा काढायच्या का, हे त्याला ठरवू दे. बरेच दिवस झोप लागत नसेल, शाळेत जायला नको म्हणत असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, लाजू नका.

आणि सिरीजचं रेटिंगच चुकीचं वाटलं तर प्लॅटफॉर्मच्या वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो, एपिसोडचा नंबर आणि मिनिट लिहून कळवा.

११. नवीन सीझन आला की पुन्हा चौथी पायरी

सिरीज तीच, नाव तेच, पण दोन वर्षांनी सोबतचे प्रेक्षक मोठे झालेले असतात आणि बनवणारे त्यांच्यासाठी लिहितात, तुमच्या धाकट्यासाठी नाही. कधी रेटिंगही बदलतं. शेवटून दुसरा एपिसोड डाउनलोड करा आणि सोमवारच्या लोकलमधे बघून टाका. सध्या नाही असं ठरलं तर वहीत नाव आणि पुढची तारीख लिहा, मुलालाही ती तारीख दाखवा. आमच्याकडे "मोठी झाल्यावर" म्हटलं की भांडण होतं, "पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत परत बघू" म्हटलं की ती कॅलेंडरवर खूण करून मोकळी होते.